काटा थांबू दे

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्याशी अडले आणि चक्क राग आला. "ताई, इतक्या वर्षांनी पाळी नियमित झालीये, पुन्हा बिघडायच्या आत चान्स घेऊन टाकू का?" घेऊन टाकू म्हणे! बस सुटतेय का कुठली?

वजन उतरवायच्या ऑपरेशनला नऊ महिने झाले, ३४ किलो उतरले आणि अजूनही महिन्याला दोन-अडीच किलो उतरतायत, असं तूच लिहिलंयस. मग मला विचारायचं काय राहिलं? काटा थांबू दे. आधी काटा थांबू दे.

तुझा गोंधळ कळतो मला. सर्जन म्हणतात दीड वर्ष, स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणतात वर्ष झालं की बघू, नवरा म्हणतो तू म्हणशील तेव्हा (हे ऐकायला छान, पण सगळं ओझं तुझ्यावर), आणि घरचे म्हणतात आता कसली वाट बघतेस. त्यातल्या दोघा डॉक्टरांचं भांडण तुला वाटतं तेवढं नाहीच. ऑपरेशननंतर साधारण १२ ते १८ महिने थांबा असं बहुतेक तज्ज्ञ सांगतात, कारण बहुतेकींचं वजन त्या सुमाराला स्थिरावतं. तू मात्र महिने मोजत बसलीस आणि ते कशासाठी मोजायचे हेच विसरलीस. एखादीचा काटा तेराव्या महिन्यात थांबतो, एखादीचा विसाव्या. माझा आपला घरगुती हिशोब असा, की सलग तीन महिने वजन किलो-दोन किलोच्या आत राहिलं की थांबलं म्हणायचं.

का थांबायचं? आत्ता तुझ्या पोटात मावतं मूठभर. तू जगतेयस ती साठवलेल्या चरबीवर. चरबी जाळून ताकद मिळते, पण लोह, फोलेट, बी-१२, प्रथिनं हे काही चरबीतून निघत नाही. आणि बाळाला ते लागतं अगदी सुरुवातीपासून. त्याच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून चौथ्या आठवड्यातच मिटते. तोवर पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, पुष्कळ जणींना पत्ताही नसतो. म्हणून फॉलिक अॅसिड चान्स घ्यायच्या दोन-तीन महिने आधीपासून. आणि डोस मनाने नाही ठरवायचा. वजन अजून जास्त असेल किंवा मधुमेह असेल तर तो नेहमीपेक्षा बराच मोठा, ५ मिलिग्रॅमपर्यंत देतात.

आता तुझ्या भीतीबद्दल. पाळी पुन्हा बिघडेल म्हणतेस. अगं, ती आली कशामुळे? पीसीओएसमध्ये, म्हणजे पाळी बिघडवणाऱ्या हार्मोन्सच्या विकारात, वाढलेलं इन्सुलिन बीजकोषांच्या कामात खोडा घालतं. वजन उतरलं, इन्सुलिन उतरलं, बीजकोष कामाला लागले. हा चमत्कार नाही, की उद्या उठून जाईल. वजन पुन्हा चढलं तर बिघडू शकेल, हे खरं. पण मग लक्ष वजन टिकवण्यावर हवं ना? घाईने वजन कसं टिकतं ते मला सांग.

उलट तू भलत्याच गोष्टीला घाबरतेयस. दिवस राहणार नाहीत याला घाबरतेस, आणि आत्ता ते नको असताना राहण्याची शक्यताच जास्त, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. माझं नेमकं तेच झालं.

मी पस्तिशीची होते. आठ वर्षं ऐकत आले होते की माझं मूल होणं कठीण आहे. बायपास (पोट लहान करून आतड्याचा काही भाग वगळायचं वजनाचं ऑपरेशन) झाल्यावर गर्भनिरोधक गोळ्या दिल्या होत्या, त्या मी आठवल्या तर घ्यायचे. ज्या बाईला आठ वर्षांत दिवस राहिले नाहीत ती गोळीचं काय मनावर घेणार! शिवाय बायपासनंतर तोंडाने घेतलेली गोळी पुरती शोषली जाईलच याची खात्री नसते, हे मला तेव्हा कुणी नीट सांगितलं नाही; मीही विचारलं नाही. ऑपरेशननंतर आठव्या महिन्यात उलट्या सुरू झाल्या. मला वाटलं, घास मोठा घेतेय. गरोदरपणाच्या नवव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली तेव्हा ठोके दिसले, आणि मी हसावं की रडावं या विचारात तशीच पडून राहिले.

काटा तेव्हाही खालीच चालला होता. पोटात बाळ आणि माझं वजन उतरतंय. हिमोग्लोबिन ७.८. तिसरा महिना सरल्यावर शिरेतून लोह चढवलं. शुगरची तपासणी आली तेव्हा एका लॅबमध्ये ग्लुकोजचं पाणी प्यायला दिलं. बायपास झालाय हे मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. पंधरा मिनिटांत घाम, धडधड, डोळ्यांपुढे अंधार. बाकावर आडवी झाले. याला डंपिंग म्हणतात, साखर पोटातून झपाट्याने आतड्यात उतरली की होतं ते. त्याऐवजी घरी आठवडाभर ग्लुकोमीटरने शुगर बघता येते, हे मला नंतर कळलं. तू ऑपरेशन झालंय हे आधीच सांगून ठेव, प्रत्येक ठिकाणी, न विचारता.

लेक झाली ती २.१ किलोची.

२०१५ साली स्वीडनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतरच्या गरोदरपणात मधुमेह झाला १.९ टक्के जणींना. त्यांचं ऑपरेशनआधी होतं तेवढ्याच वजनाच्या, पण ऑपरेशन न झालेल्या बायकांमध्ये ६.८ टक्के. फार मोठी बाळंही कमी झाली. पण अपेक्षेपेक्षा लहान बाळं १५.६ टक्के, दुसऱ्या गटात ७.६. तो आकडा मी कितीदा वाचला असेल. थांबले असते तर माझं बाळ नक्की मोठं झालं असतं, असं त्यातून निघत नाही, ते मला समजतं. तरी वाचते.

आणि तरीही मी चुकले असं म्हणणार नाही. म्हणवत नाही. पस्तिशीत, आठ वर्षांनी, न मागता मिळालं ते मी काय परत करणार होते? लवकर दिवस राहिलेल्या कितीतरी जणींचं सगळं सुखरूप पार पडतं, त्यासाठी कुणी गर्भपाताच्या विचाराने तळमळत बसू नये. सर्जन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना लगेच कळवायचं आणि रक्ताच्या तपासण्या जवळजवळ ठेवायच्या, बस. पण माझं ते झालं. तू ठरवून करायला निघालीयस. यात फरक आहे, आणि तो तुला दिसत नसेल तर मला पत्र तरी कशाला लिहिलंस?

तू अडतीसची असतीस तर मी इतकी ताणून धरली नसती, तेही सांगते. वजन उतरलं म्हणून बीजांचं वय उतरत नाही. तिथे महिन्या-महिन्याचा हिशोब डॉक्टरांबरोबर मांडावा लागतो. तू एकोणतीसची आहेस. तुझ्याकडे वर्ष आहे. ते वापर.

तोवर गोळीच्या भरवशावर राहू नकोस. कॉपर टी किंवा दंडात बसवायचं इम्प्लांट, काय सोसेल ते विचार. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, फोलेट, डी, कॅल्शियम, व्हिटॅमिन ए, जस्त, सगळं तपासून घे. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीत दोन तासांचं अंतर ठेवतेस ना? नसशीलच. आणि आत्ताच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये ए कुठल्या रूपात आहे ते बघून घे. गरोदरपणात रेटिनॉल जास्त झालं तर बाळाला घातक, तिथे बीटा कॅरोटीन बरं. वजन उतरवायची इंजेक्शनं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांग. त्यातलं सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी बंद करावं लागतं.

पुढचं पुढे, पण दोन गोष्टी आत्ताच कानावर घालते. दिवस राहिल्यावर उलट्या थांबेनात तर "होतं असं" म्हणून घरी बसायचं नाही. थायमिन (व्हिटॅमिन बी-१) संपलं तर मेंदूवर बेततं, आणि सलाइनमधून ग्लुकोज देण्याआधी थायमिन द्यावं लागतं. आणि पोटात जोराची कळ आली तर ती बाळाचीच असेल असं धरून चालू नकोस. बायपासनंतर आतड्याचा वेढा आतल्या फटीत अडकू शकतो. थेट हॉस्पिटल, आणि सर्जनला बोलवा म्हणून हट्ट.

वजन वाढेल म्हणून नऊ महिने अर्धपोटी राहण्याचं जे तू शेवटी गमतीत लिहिलंयस, ते मला गमतीचं वाटलं नाही. काटा थांबू दे म्हणते ते त्यासाठीही. उतरण्याची नशा असते गं, मला ठाऊक आहे. ती उतरल्याशिवाय बाळासाठी चढणारा आकडा बघवत नाही. मी सातव्या महिन्यातही सकाळी काट्यावर उभी राहायचे आणि आकडा वाढला नाही की आतून बरं वाटायचं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

रोज वजन करणं बंद कर. महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर, आणि लिहून ठेव. फेरिटिनचा रिपोर्ट आला की मला पाठव.

तुझी,
ताई