रोजच्या वापरासाठी स्पोर्ट्स कार

प्रश्न : माझी स्पोर्ट्स कार केवळ सुटीच्या दिवशी बाहेर निघते. रोज कामावर जाण्यासाठी तीच वापरली, तर इंजिन लवकर झिजेल का?

उत्तर : नुसत्या रोजच्या वापराने इंजिन लवकर झिजत नाही, उलट महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरते आणि टायर एकाच जागी चपटे होतात. खरा धोका आहे तो अगदी छोट्या फेऱ्यांचा. शीतक द्रवाच्या तापमानाचा काटा थोड्याच वेळात मध्यावर येतो, पण इंजिनातले तेल तापायला त्याहून बराच अधिक वेळ लागतो, आणि त्याआधीच इंजिन बंद झाले, तर आतला ओलावा व न जळलेले पेट्रोल तेलातच साचत जाते. म्हणून तेल सुमारे ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापेस्तोवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नये आणि धाव कमी झाली असली, तरी तेल वर्षातून एकदा बदलावे.

गिअरबॉक्स दुहेरी क्लचचा, म्हणजे दोन क्लच आळीपाळीने लावून आपोआप गिअर बदलणारा असेल, तर वाहतूक कोंडीत गाडी इंचाइंचाने सरकवू नये, कारण क्लच अर्धवट लागून तापतो; पुढे पुरेशी जागा झाली, की मगच ब्रेक सोडावा. गतिरोधकावर गाडी तिरकी घेतल्यास पुढचा बंपर बहुधा वाचतो, मात्र मागच्याचा हॉर्न ऐकावा लागतो. १९९० मध्ये विक्रीस आलेली होंडा एनएसएक्स मुळात रोज चालवता यावी अशीच बनवलेली होती. तुमच्या गाडीतून मागचे नीट दिसते का, हे मात्र एकदा गर्दीच्या वेळी तपासून पाहा.