वाचकांचे प्रश्न : पीसीव्ही व्हॉल्व्ह शोधावा कुठे?

प्रश्न : माझ्या पेट्रोल गाडीच्या टॅपेट कव्हरच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) कडेने ऑइल झिरपते. पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासा, असे मला सांगण्यात आले. तो कुठे असतो आणि स्वतः बदलता येईल का?

उत्तर : पिस्टनच्या कडेने निसटून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, उतरणारे वायू पुन्हा इनटेक मॅनिफोल्डकडे (सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळ्यांकडे) नेऊन जाळण्याचे काम हा छोटा पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) व्हॉल्व्ह करतो, तो काजळीने तुंबला की आतला दाब वाढतो आणि कव्हरच्या सीलमधून ऑइल वाट काढते. म्हणून कव्हरखालचे गॅस्केट (गळती रोखणारी पट्टी) बदलण्याआधी हा व्हॉल्व्ह पाहणेच शहाणपणाचे.

मॅनिफोल्डपासून निघालेल्या रबरी नळ्यांचा माग काढत गेलात, तर त्यांतली एक बहुधा टॅपेट कव्हरवर ग्रॉमेटमध्ये (भोकात बसवलेल्या रबरी कड्यात) बसवलेल्या या व्हॉल्व्हपाशी संपते. काही इंजिनांत मात्र तो कव्हरचाच भाग असतो. तिथे पूर्ण कव्हर बदलावे लागते.

इंजिन थंड असताना क्लिप सैल करून नळी काढावी आणि व्हॉल्व्ह हळूच फिरवत वर ओढावा. हातात धरून हलवल्यावर आतला सरकता भाग खुळखुळला नाही, तर तो बहुधा अडकलेला आहे. पण खुळखुळला म्हणून तो ठणठणीत आहे, असेही समजू नये, कारण स्प्रिंग कमकुवत झालेली असू शकते. नवा व्हॉल्व्ह त्याच इंजिनासाठीचा घ्यावा, कारण दिसायला सारखे असले तरी त्यांतून जाणाऱ्या वायूचे प्रमाण वेगळे असते. ग्रॉमेट कडक झाले असेल, तर तेही बदला. त्याचे तुकडे इंजिनात पडू देऊ नका.