ॲमोनियाची गळती : मास्कच्या कपाटाआधी ऑइल ड्रेन बघ

भावा, तू लिहिलंयस की कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या कोल्ड स्टोरेजला महिन्यापूर्वी शिफ्ट इनचार्ज म्हणून लागलास, थंडावा देणाऱ्या सिस्टीममध्ये अडीच टन ॲमोनिया आहे आणि मालकांनी गळतीसाठी काय काय विकत आणायचं त्याची यादी मागितली आहे. यादी कर, पण नंतर. मी पंचवीस वर्षं ॲमोनियाच्या कॉम्प्रेसर रूममध्ये काढली. मी पाहिलेल्या गळत्यांत बहुतेक वेळा कुणीतरी काहीतरी उघडत होतं. म्हणून आधी हे शोध : तुमच्याकडे ऑइल ड्रेन, म्हणजे सिस्टीमच्या तळाशी साठलेलं ऑइल काढायचं काम, कोण करतं, कधी करतं आणि एकटा करतो का?

गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबर थोडं थोडं पुढं जातं. द्रव ॲमोनियापेक्षा ते जड, त्यामुळं व्हेसलच्या, म्हणजे ॲमोनियाच्या टाकीच्या, तळाशी साठतं. थंड बाजूला ते इतकं घट्ट होतं की व्हॉल्व्ह उघडला तरी येत नाही. माणूस आणखी अर्धा फेरा उघडतो, मग आणखी थोडा. अचानक तो गोळा सुटतो आणि मागून उणे ३३ अंशांचा द्रव ॲमोनिया फवाऱ्यासारखा येतो. त्या क्षणी व्हॉल्व्ह बंद करायला हात पुढं जात नाही.

आमच्या एका कारखान्यात ड्रेनला स्प्रिंगचा व्हॉल्व्ह होता. हात सोडला की आपोआप बंद होणारा, अगदी योग्य वस्तू. पण हात धरून अवघडतो म्हणून कुणीतरी हँडल तारेनं बांधून ठेवलं होतं. ऑपरेटर बादली लावून पॅनेलकडं रीडिंग घ्यायला गेला. परत येईपर्यंत खोली पांढरी. तो वाचला. त्याला शोधायला तोंडाला ओला रुमाल बांधून आत गेलेल्या हेल्परचे डोळे मात्र कायमचे अधू झाले. रुमालानं नाकाला दोन क्षण बरं वाटतं, डोळ्यांना काय? तो मुलगा माझ्याच शिफ्टचा होता. मी त्याला अडवायला हवं होतं.

ऑइल ड्रेन करायचाच तर ऑइल पॉटमधून, म्हणजे व्हेसलला जोडलेल्या ऑइल गोळा करायच्या छोट्या भांड्यातून. मधला व्हॉल्व्ह बंद करून पॉट व्हेसलपासून वेगळा कर, सक्शनकडं (कॉम्प्रेसर गॅस ओढतो त्या लाइनकडं) उघडा ठेवून त्यातला ॲमोनिया उडून जाऊ दे, पॉटवरचं बर्फ पूर्ण वितळलं की मगच ड्रेन. पॉट नसेल तर मालकांच्या यादीत पहिलं नाव त्याचं लिही. दोन माणसं, लेखी परमिट, दिवसाची शिफ्ट, आणि हात व्हॉल्व्हवरून हलणार नाही. आणखी एक : द्रव भरलेली लाइन दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह लावून कधीच कोंडू नकोस. ऊन लागलं की द्रव फुगतो आणि पाइप किंवा गॅस्केट फाटतं. आणि कुणी पितळेचं फिटिंग बसवलेलं दिसलं तर त्याच दिवशी काढ. ॲमोनिया तांबं-पितळ खातो.

आता गळती झालीच तर. प्लांट थांबवायला ऑपरेटरला कुणाचीही परवानगी लागता कामा नये. हे मालकांकडून सगळ्यांसमोर वदवून घे. स्टॉपचं बटण आणि एक्झॉस्टचा स्विच खोलीच्या बाहेर हवा, कारण हवेत १५ ते २८ टक्के ॲमोनिया झाला तर तो पेटतोसुद्धा. ॲमोनिया हवेपेक्षा हलका, वर जाईल, असं सगळे सांगतात. पण द्रव फुटून आलेला थंड ढग जमिनीलगत सरकतो. त्यामुळं छतावर वाऱ्याची पिशवी लाव आणि जमायच्या जागा दोन ठेव. पावसाळ्यात आपल्याकडं वारा पश्चिमेकडून येतो. तुमची एकुलती जागा पूर्वेच्या गेटपाशी असेल तर माणसं ढगातच जाऊन उभी राहतील.

वासावर विसंबू नकोस. पाच-दहा पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत पाच-दहा भाग) वास येतो खरा, पण नाक त्याला सरावतं. ३०० पीपीएमला जीव धोक्यात येतो. तिथं कॅनिस्टरचा, म्हणजे फिल्टरचा डबा लावलेला, मास्क घालून जायचं नाही. पाठीवर हवेचा सिलिंडर असलेले दोन सेट हवेत, आणि ते दर महिन्याला घालून बघणारी माणसं हवीत. डोळ्यांत गेलं तर सलग पंधरा मिनिटं पाणी. घड्याळ लावून. कपडे गोठून चिकटले असतील तर ओढू नका, आधी पाण्यानं सुटू द्या.

पाण्याचा फवारा ढगावर मारा, जमिनीवर साठलेल्या द्रवावर नाही, नाहीतर तो आणखी उसळतो. ते पाणी नाल्यातून पंचगंगेकडं जाणार, म्हणून गटारीच्या तोंडाशी वाळूची पोती तयार ठेव. थोडा ॲमोनियाही मासे मारतो.

१९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांत मोठ्या साठ्यांसाठी दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल सांगितलं आहे. अडीच टन त्या मर्यादेच्या खूप खाली, म्हणून त्या नियमाखाली तुला कुणी विचारणार नाही. तरी कर, आणि एक रात्रपाळीत कर.

शेवटचं आपल्या भागापुरतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता. म्हणजे कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्याला जायची वाट बंद, शहराकडून बंब यायचीही बंद. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ धोक्याची. ३९ ला पोचलं की त्या आठवड्यात ऑइल ड्रेन नाही, कुठलीही लाइन उघडायची नाही, असा नियम लिहून भिंतीवर लाव. आणि नदीच्या तुमच्या बाजूचा, वडगाव किंवा हातकणंगलेकडचा, एक दवाखाना आत्ताच ठरव. तिथल्या डॉक्टरांना एकदा जाऊन भेट, आमच्याकडं ॲमोनिया आहे, भाजलेला माणूस आणू शकतो, असं सांगून ये.