अमेरिकेवर लिहितेयस तर...

अगं, तुझा ड्राफ्ट वाचला. भाषा झकास आहे, राग पण खरा आहे, पण अख्ख्या लेखात ट्रम्प सोडून दुसरं कुणी नाहीच. राष्ट्राध्यक्षाच्या हातात एवढी पॉवर आली कुठून हे तू विचारतच नाहीस, जणू काही 2025 च्या जानेवारीत ती आभाळातून पडली.

जरा मागे जा. 1973 मध्ये तिथल्या सिनेटच्या कमिटीने शोधून काढलं की देशात 1933 पासून आणीबाणी चालूच आहे, एक नाही, चार चार, आणि त्यांच्या जोरावर राष्ट्राध्यक्षाला वापरता येतील अशी 470 कलमं कायद्यांत पडून आहेत. (आपल्याला आणीबाणी म्हटलं की 1975 आठवतं, सेन्सॉर, जेल वगैरे. तिकडची बरीचशी फायलीतच असते.) मग 1976 ला कायदा केला, आणीबाणी राष्ट्राध्यक्षाने लावावी पण काँग्रेसच्या (म्हणजे तिथल्या संसदेच्या) दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने ठरवलं की बंद, त्याच्या सहीची गरज नाही. चांगली सोय होती. पण 1983 ला जगदीश राय चढ्ढा नावाच्या, केनियात जन्मलेल्या भारतीय वंशाच्या माणसाच्या डिपोर्टेशनची (देशाबाहेर काढण्याची) केस सुप्रीम कोर्टात आली, त्याला राहू द्यायचा निर्णय एका सभागृहाने असाच बिनसहीच्या ठरावाने उलटवला होता, आणि कोर्ट म्हणालं की असा बिनसहीचा व्हेटो काँग्रेसला वापरताच येणार नाही. चढ्ढा वाचला, बरंच झालं, पण आणीबाणीवरचा लगाम पण त्यातच गेला. आता ती बंद करायच्या ठरावावर सही कुणाची, तर ज्याने लावली त्याचीच, नाहीतर दोन तृतीयांश मतं आणा! 2019 ला ट्रम्पने मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी लावलेल्या आणीबाणीवरून तेच झालं, दोन्ही सभागृहांनी ठराव पास केला, ट्रम्पने व्हेटो मारला, तो उलटवण्याइतकी मतं पडली नाहीत. आणि राष्ट्राध्यक्ष कार्टरने 1979 ला इराणवरून लावलेली आणीबाणी वर्षानुवर्षं रिन्यू होतेय, पक्ष कुठलाही असो.

हे आलं की मुंबईच्या सीप्झमधल्या (निर्यातीसाठीच्या औद्योगिक वसाहतीतल्या) दागिनेवाल्यांवर 2025 ला 50 टक्के टॅरिफ, म्हणजे अमेरिकेचा आयात कर, कसा आदळला ते पण वाचकाला कळेल, कारण तोही 1977 च्या आणीबाणीवाल्या कायद्याचं नाव घेऊनच लावला होता आणि त्या कायद्यात टॅरिफचा साधा उल्लेख नाही.

आता जरा टोचेल असं सांगतो. ओबामा तुला आवडतो ना? 2011 ला लिबियावर, काँग्रेसच्या परवानगीशिवाय लढायला कायद्याने दिलेल्या 60 दिवसांच्या मुदतीनंतर पण कारवाई चालूच ठेवली, काँग्रेसची परवानगी नाही, वर म्हणे याला कायद्यातली लढाई म्हणताच येत नाही. बायडनने 2003 चा एक कायदा काढून जवळपास 400 अब्ज डॉलरची स्टुडंट लोन माफ करायला घेतली, 2023 ला कोर्टाने अडवलं. हेतू चांगला असेलही, पण म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आपल्या माणसाच्या वेळी टाळ्या वाजवल्या की पुढच्याला वाट तयारच मिळते, त्यात 2024 ला सुप्रीम कोर्टाने राष्ट्राध्यक्षाला अधिकृत कामांसाठी खटल्यापासून संरक्षण पण देऊन टाकलंय.

म्हणून एक सवय लाव. राष्ट्राध्यक्षाची नवीन ऑर्डर निघाली की टीव्हीवरची आरडाओरड नंतर बघ, आधी ऑर्डरचा पहिला पॅरा वाच, कुठल्या कायद्याने हे करतोय ते तिथेच लिहिलेलं असतं, मग तो कायदा कधीचा, कुणी पास केला, कशासाठी केला ते शोध. निम्मा लेख तिथेच होतो. हेडिंगमधला 'हुकूमशहा' सध्या काढ. आणि चढ्ढा केसचा निकाल वाचशील तेव्हा न्यायमूर्ती व्हाइट यांचं विरोधी मत स्किप करू नको, या एका निकालाने जवळपास 200 कायदेशीर तरतुदी उडतायत असं त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलंय.