जपानी ‘दोकिदोकि’, ‘वाकुवाकु’, ‘हाराहारा’ यांत फरक काय आणि वाक्यात वापरायचे कसे?

इंग्रजी कोशात या तिघांचे अर्थ एकमेकांत मिसळलेले दिसतात, म्हणून तुमचा गोंधळ झाला. तो कोश मिटून ठेवा. धडधड, चुळबुळ, धाकधूक, रुखरुख रोज बोलणाऱ्याला त्याची फारशी गरज नाही.

दोकिदोकि ही खरोखरची छातीतली धडधड. जिना चढून आलात, मुलाखतीला बसलात, आवडती व्यक्ती समोर आली, सगळीकडे चालते. वाकुवाकुला मात्र पुढे काहीतरी छान घडणार असावं लागतं, उदाहरणार्थ उद्याची सहल. निकालाच्या भीतीला वाकुवाकु म्हणता येत नाही. हाराहारा बहुधा दुसऱ्यापायी होतं: पोर कठड्यावर चढलंय, तुम्ही खालून बघताय आणि जीव टांगणीला लागलाय.

रागाचे शब्द तर याहून बारकाईने वाटलेले आहेत. कुणी खोचक बोललं आणि तुमचं तोंड फुगलं, तर मुत्तो. बस येत नाही म्हणून होते ती इराइरा. यातला ‘इरा’ म्हणजे काटा, म्हणजे सतत काहीतरी टोचतंय. मुकामुकातला राग पोटातून वर येतो (मळमळीलाही हाच शब्द आहे). तळपायाची आग मस्तकात गेली की कात्तो.

शेपटीकडे लक्ष द्या. दोनदा आलेला शब्द म्हणजे चालू असलेली अवस्था, ‘त्तो’ म्हणजे एकच क्षण. दोकिदोकि ही धडधड, तर दोकित्तो म्हणजे काळजात धस्स होणं. होत्तो म्हणजे हुश्श. ‘त्त’वर पूर्ण एक मात्रा थांबा, आणि ‘दोकिदोकि सुरु’मध्ये (जपानीत ‘सुरु’ म्हणजे करणे) पहिला ‘दो’ उंच सुरात घेऊन पुढचं खाली आणा.

मराठी माणूस हमखास अडखळतो तो क्रियापदावर. आपली चिडचिड ‘होते’, म्हणून तो ‘नारु’ (होणे) जोडतो. जपानीत मात्र ‘सुरु’ लागतं: इराइरा सुरु. आपल्याकडे ‘चिडचिड करतो’ म्हटलं की तो घरभर चिडलेला दिसतो. इराइरा सुरुला तसं काही दाखवावं लागत नाही, आतल्या आत चिडलात तरी तेच. कशामुळे, ते ‘नि’ लावून सांगा: कारे नो ताइदो नि इराइरा सुरु, त्याच्या वागण्याने माझी चिडचिड होते. दुसऱ्याच्या आत्ताच्या मनाबद्दल नुसतं ‘सुरु’ खटकतं, कारण ते आपण आतून जाणू शकत नाही. तिथे ‘शिते इरु’ (करत आहे) घ्या: तानाका-सान वा इराइरा शिते इरु, तानाकांची चिडचिड चाललीय.

मनाच्या अशा शब्दांना भाषाशास्त्रज्ञ हारुहिको किंदाइची यांनी गिजोगो म्हणून वेगळा गट दिला. त्यातला मोयामोया मला सर्वांत उपयोगी वाटतो. ‘मोया’ म्हणजे धुकं. बैठक संपली, कुणी वाईट बोललं नाही, तरी मनात मळभ राहिलं, तर ‘मोयामोया सुरु’ म्हणा. दुसऱ्या दिवशी बोलून ते निवळलं की ‘सुक्किरी शिता’.