वडिलांच्या आठवणीत कर्करोग संस्थेसाठीची सायकल राइड करायची आहे, पण रोज चालवायची सवय नाही. जमेल का?

जमेल. ताई गेल्यानंतर मी तिच्या नावाने अशा राइड्स केल्या आहेत. सवय नसलेली माणसं तिथे भरपूर असतात.

खरं ठरवायचं असतं ते अंतर. माणूस गेल्याचं दुःख ताजं असताना आपण हमखास सगळ्यात लांबचा मार्ग घेतो, जणू जास्त किलोमीटर म्हणजे जास्त प्रेम. तसं करू नका. शेजारच्याशी बोलत बोलत कापता येईल तेवढंच अंतर घ्या. बऱ्याच राइड्समध्ये पाठीवर ‘मी कुणासाठी चालवतोय’ असं कार्ड लावतात. एका चढावर मागून आलेल्या काकांनी माझ्या पाठीवरचं नाव मोठ्याने वाचलं आणि विचारलं, “कोण होत्या?” चढ संपेपर्यंत मी सांगत होतो. घरी ताईचा विषय निघाला की गाडी रिपोर्ट आणि औषधांवरच यायची. तिथे मात्र ती गाण्यांचे शब्द कसे बिनधास्त चुकवायची, ते सांगून झालं. धाप लागली असती तर जेमतेम नाव सांगितलं असतं.

अमेरिकेतली ‘पॅन-मास चॅलेंज’ अशाच दुःखातून उभी राहिली. ती सुरू करणाऱ्या बिली स्टार यांची आई कर्करोगाने गेली होती, आणि १९८० मध्ये ३६ जणांनी मॅसॅच्युसेट्समध्ये पहिली राइड केली. आज तिथे सुमारे दोनशे मैलांच्या मार्गाबरोबर पंचवीस मैलांचाही मार्ग असतो. हृदयरोगासाठी काम करणाऱ्या ब्रिटिश हार्ट फाउंडेशनच्या लंडन-ब्रायटन राइडमध्ये (५४ मैल) शेवटाकडे डिचलिंग बीकनचा चढ लागतो. तिथे कितीतरी जण उतरून सायकल ढकलत नेतात. कुणी नावं ठेवत नाही.

तयारीला दोन-तीन महिने हाताशी ठेवा. आठवड्यातून तीनदा चालवा, त्यातली एक राइड लांबची, आणि ती दर आठवड्याला थोडी वाढवत न्या. राइडच्या आधी एकदा तरी तीन-चतुर्थांश अंतर पार झालेलं असावं. शेवटच्या आठवड्यात कमी चालवा. सीटची उंची मात्र आजच बघा: पेडल खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. गुडघ्यांच्या बऱ्याच तक्रारी तिथूनच सुरू होतात. पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत काही घालायचं नसतं, हेही कुणी आपणहून सांगत नाही.

पैसे गोळा करणं मला पेडल मारण्यापेक्षा जड गेलं. ग्रुपवर लिंक टाकली की लोक हात जोडल्याचं चिन्ह टाकतात आणि पुढे जातात. एकेकाला वेगळं लिहा, आणि आजाराबद्दल कमी, वडिलांबद्दल जास्त: त्या माणसाला आठवेल असा एखादा प्रसंग. नाव नोंदवण्याआधी नियम नीट वाचा. नोंदणीची फी आणि देणगी बहुधा वेगळ्या असतात. काही ठिकाणी किमान रक्कम जमली नाही तर उरलेली तुमच्या कार्डावरून वळती होते. जमलेल्यातलं संस्थेपर्यंत किती पोचतं, हेही बिनदिक्कत विचारा.

वडिलांचा फोटो किंवा आजारपणाचा तपशील सगळ्यांसमोर टाकण्याआधी घरच्यांशी, विशेषतः आईशी बोला. त्यांना नको असेल तर नुसतं नाव पुरतं. आणि त्यांना स्वतःला यावंसं वाटलं, तर पाण्याच्या थांब्यांवर संयोजकांना माणसं हवीच असतात.