स्टर्नडेल बेनेट ऐकायची सुरुवात कुठून करावी

विल्यम स्टर्नडेल बेनेट हा एकोणिसाव्या शतकातला इंग्लिश संगीतकार. पण त्याचं चरित्र आधी वाचत बसू नका. थेट त्याचा चौथा पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) लावा, एफ मायनरमधला, आणि त्याचा मधला भाग, बार्कारोल, म्हणजे नावाड्यांच्या गाण्याच्या चालीचा तुकडा, डोळे मिटून ऐका. होडीसारखी हलकी डुलणारी लय, त्यावर पियानो अगदी मोजकं बोलतो. मला विचाराल तर बेनेट समजायला एवढं पुरेसं आहे.

मग 'तळं, पाणचक्कीचा ओढा, कारंजं' या तीन छोट्या पियानो रचना घ्या. स्वतः वाजवत असाल तर पाणचक्कीची घाई करू नका. बोटं हलकी ठेवा, नाहीतर सगळा गोंगाट होतो.

आता माणसाबद्दल. जन्म शेफील्डचा, 1816 चा. लहानपणीच आईवडील गेले. 1833 मध्ये लंडनला जर्मन संगीतकार मेंडेल्सोननं त्याचं वादन ऐकलं आणि जर्मनीला बोलावलं, तेही शिष्य म्हणून नव्हे, मित्र म्हणून! पुढे तिथल्या लाइप्झिग शहरात संगीतकार शूमनशी गट्टी जमली. शूमननं आपले 'सिंफॉनिक एट्यूड्स' (एट्यूड म्हणजे वादनाच्या सरावातून घडलेली रचना) त्यालाच अर्पण केले. शेवटचा एट्यूड मुद्दाम ऐका: त्यात जर्मन संगीतकार मार्श्नरच्या ऑपेरातली इंग्लंडचा गौरव करणारी धून गुंफली आहे, ती या इंग्लिश मित्रासाठीच.

पुढे शिकवण्या आणि संस्थांच्या कामात त्याचं लेखन आटलं, याची मला खरंच हळहळ वाटते. पण त्याच काळात, 1854 साली, बाखचं 'सेंट मॅथ्यू पॅशन' (येशूच्या अखेरच्या यातनांवरची भव्य गायनरचना) इंग्लंडमध्ये पहिल्यांदा त्यानंच सादर केलं. हे ऋण मोठं आहे.

'द नायड्स' हे बेनेटचं ओव्हर्चर (वाद्यवृंदासाठीची एकसलग रचना) नंतर ऐका. उशिराचा 'मेड ऑफ ऑर्लियन्स' हा पियानो सोनाटा (अनेक भागांची रचना) मात्र सध्या बाजूला ठेवा.